फळावर चिकटून बसलेला स्टिकर
(लघु माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : शाहू मार्केट यार्ड, कोल्हापूर. पहाटेची वेळ. फळांच्या गाळ्यात पेट्या फोडल्या जात आहेत.)

शाहू मार्केट यार्डातील या गाळ्यात उजाडण्यापूर्वीपासून सफरचंदाच्या पेट्या फोडण्याचे काम चालू आहे. परदेशी मालाच्या पेटीतील फळांवर तिकडच्या पॅकिंग केंद्रातच स्टिकर लागलेला असतो. शेजारच्या पेटीतील देशी सफरचंद मात्र कोरे आले आहे आणि त्यावर स्टिकर आता, आपल्या डोळ्यांसमोर, लागतो आहे. रोलचा गुळगुळीत कागद बोटावर मुडपला की स्टिकरची कड आपोआप उचलली जाते, ती फळाला टेकते, अंगठ्याचा एक दाब बसतो आणि हात पुढच्या फळाकडे वळतो. परदेशातील मोठ्या केंद्रांत हेच काम यंत्र करते आणि मिनिटाला शेकडो फळांवर लेबले बसवते. येथे ते या ताईंच्या बोटांवर चालते, आणि त्यांचा वेग पकडण्यासाठी आम्हाला हे चित्रण संथ गतीने दाखवावे लागत आहे.

(दृश्य : स्टिकर अगदी जवळून.)

स्टिकरवर काय छापले आहे, ते पाहू या. सोनेरी कडा, मधोमध मुकुट आणि ‘प्रीमियम क्वालिटी’ हे शब्द. बागेचे नाव नाही, गाव नाही, तोडणीची तारीख नाही. या फळावर तर तो नेमका एका तपकिरी डागावर बसवला गेला आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक टिपणात हेच निरीक्षण आहे : आपल्याकडे फळांवरचे स्टिकर मुख्यतः माल उंची भासावा म्हणून, आणि काही वेळा फळाचा दोष झाकण्यासाठी लावले जातात. ‘टेस्टेड ओके’, ‘बेस्ट क्वालिटी’ अशा मजकुरातून ग्राहकाला उपयोगी पडेल असे काहीही कळत नाही, म्हणून विक्रेत्यांनी असे स्टिकर वापरू नयेत, असा सल्लाही प्राधिकरणाने दिला होता.

(दृश्य : रेखाचित्रे.)

फळावर स्टिकर आला तो मात्र काही कामासाठी. मागचा कागद सोलून नुसत्या दाबाने चिकटवता येणारी लेबले तयार करण्याचे यंत्र आर. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे उभे केले. चिकिता या कंपनीने १९६३ पासून आपल्या केळ्यांवर निळा स्टिकर लावायला सुरुवात केली, तेव्हा ते काम माणसे हातानेच करीत होती. पुढे सुपरमार्केटमध्ये एकाच रॅकवर सफरचंदाचे अनेक वाण येऊ लागले आणि बिल करणाऱ्याला त्यांतला नेमका वाण ओळखणे कठीण झाले, तेव्हा १९९० पासून फळांना चार आकडी कोड देण्याची पद्धत रूढ झाली. नेहमीच्या पिवळ्या केळ्याचा कोड ४०११ आहे आणि तेच केळे सेंद्रिय असेल, तर त्याच्या आधी ९ लागून ९४०११ होतो. कोड ८ ने सुरू होत असेल, तर ते फळ जनुकीय बदल केलेले असते, असा संदेश मोबाइलवर वारंवार फिरतो. तो आकडा त्यासाठी राखून ठेवला होता हे खरे, परंतु दुकानांत तो प्रत्यक्ष वापरात कधी आलाच नाही.

(दृश्य : कोल्हापुरातील सुपरमार्केट, वजनकाटा.)

आम्ही चित्रण केलेल्या या दुकानात वजनकाट्यावरचा कर्मचारी फळावरच्या कोडकडे पाहतही नाही. काट्याशेजारी चिकटवलेल्या यादीतून तो दुकानाचा स्वतःचा क्रमांक दाबतो आणि पिशवीवर आणखी एक लेबल लागते.

(दृश्य : राजारामपुरीतील एका घराचे स्वयंपाकघर. हापूस, टोमॅटो, पेरू.)

आता हा स्टिकर निघताना पाहा. टोमॅटोवरून तो ओढला की साल त्याच्याबरोबर उचलली जाते आणि गर उघडा पडतो. पिकलेल्या हापूसवर नख लावताच सालीवर ओरखडा उठतो. पेरूवरचा कागदी स्टिकर तर वरच्या वर फाटतो आणि खाली चिकट पांढरा थर राहतो, ज्यावर नळाचे पाणी कितीही सोडले तरी काही परिणाम होत नाही. हा गोंद वाळून घट्ट होणाऱ्या खळीसारखा नसतो. तो कायम मऊ राहतो, दाबाखाली सावकाश पसरत सालीच्या बारीक खाचांत उतरतो, आणि झटक्याने ओढला की घन पदार्थासारखा अडून बसतो. म्हणून स्टिकर जितका जुना, तितका तो हट्टी, आणि ओढण्याची घाई जितकी जास्त, तितकी साल फाटण्याची भीती अधिक. कडेला खोबरेल किंवा शेंगदाणा तेलाचा एक थेंब सोडून थोडा वेळ थांबावे, कारण पाण्याला दाद न देणारा हा गोंद तेलात सैल होतो. मग स्टिकर वर न उचलता सालीलगत मागे मुडपत हळूहळू सोलावा, उरलेला चिकटपणा अंगठ्याने चोळून काढावा आणि फळ धुऊन घ्यावे. या वहिनींनी हापूसवरचा स्टिकर असाच काढला आहे. सालीवर ओरखडा नाही.

(दृश्य : देवगड हापूसची पेटी. स्टिकरचे दोन भाग.)

याच स्वयंपाकघरात एक वेगळा स्टिकरही आहे आणि तो आम्ही मुद्दाम दाखवत आहोत. देवगड हापूसच्या नावाखाली दुसराच आंबा विकला जाऊ नये, म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांक असलेला स्टिकर आणला. क्रमांकाचा काही भाग वर दिसतो आणि उरलेला स्टिकर फाडल्यावरच समोर येतो. दिसणारा क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि उत्तर आले की आतला क्रमांक जुळवून पाहायचा, अशी ही पडताळणी आहे. एकदा फाडलेला स्टिकर दुसऱ्या फळावर लावता येत नाही. शेतकऱ्याचे नाव आणि ग्राहकाचा पैसा दोन्ही राखणाऱ्या अशा स्टिकरला आमचा विरोध असण्याचे कारण नाही.

(दृश्य : खतकुंडी. चाळणीत उरलेले स्टिकर.)

बाकीचे स्टिकर सालीबरोबर ओल्या कचऱ्यात जातात, आणि त्यांतले प्लास्टिकचे न कुजता खतातून शेतात पोहोचतात.

(दृश्य : लेझरने खूण केलेले फळ, रेखाचित्र.)

फ्रान्सने घरच्या खतकुंडीत न कुजणाऱ्या स्टिकरवर जानेवारी २०२२ पासून बंदी घातली. युरोपीय संघाच्या नव्या पॅकेजिंग नियमांनुसार फेब्रुवारी २०२८ पासून फळे-भाज्यांवरची लेबले कुजणारीच असावी लागतील. स्वीडन आणि ब्रिटनमधील काही सुपरमार्केटनी तर ॲव्होकाडोच्या सालीवर लेझर किरणांनी खूण करून स्टिकरशिवाय विक्री करून पाहिली आहे. कोल्हापुरात एवढ्या खर्चाच्या यंत्राची वाट पाहावी लागणार नाही. वाण, गाव आणि दर पेटीवर किंवा रॅकवरच्या पाटीवर ठळक लिहिले, तर मुकुट छापलेल्या रोलची खरेदी उद्यापासून बंद करता येईल. हा निर्णय गाळ्यावरचे व्यापारी आणि सुपरमार्केटचे खरेदी अधिकारी यांच्या हातात आहे, आणि त्यांनी तो याच हंगामात घ्यावा, अशी आमची मागणी आहे.