पगार ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी

समजा, तुम्ही अठरा वर्षांचे आहात. नोकरी लागली, पगार महिना ३० डॉलर. पण त्यातले २५ तुमच्या हाती पडणारच नाहीत, ते सरकार परस्पर तुमच्या घरी पाठवणार. जाल अशा नोकरीवर?

१९३३ मध्ये अमेरिकेतली पोरं धावत गेली. महामंदीत तिथं चारातला एक कामगार बेकार होता. घरी चूल पेटायची मारामार, तिथं २५ डॉलर म्हणजे महिन्याचा किराणा. गिरणीतला चाकरमानी कोकणात मनीऑर्डर धाडायचा ना, तसंच. फक्त धाडायची की नाही, हे इथं पोराच्या मर्जीवर नव्हतं! मला तर योजनेतली खरी हुशारी इथंच दिसते.

योजनेचं नाव सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर, थोडक्यात सीसीसी. रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले ४ मार्चला, कायद्यावर सही ३१ मार्चला, आणि १७ एप्रिलला व्हर्जिनियाच्या जंगलात पहिली छावणी उभी. सरकारी काम आहे हे, बरं का! जमलं कसं? पोरं निवडली कामगार खात्यानं, छावण्या चालवल्या लष्करानं, कामं नेमून दिली वनखात्यानं आणि राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी. यंत्रणा होतीच, ती जुंपली.

कामं कसली? वणवे विझवा, ओघळी बुजवा, बांध घाला, रस्ते काढा. आणि झाडं लावा. नऊ वर्षांत सुमारे ३०० कोटी झाडं! डेन्व्हरजवळ रेड रॉक्सचं खुलं नाट्यगृह आहे, लाल खडकांच्या मधोमध. आजही तिथं मैफली रंगतात. ते बांधायलाही हीच पोरं होती.

आता खटकणारी गोष्ट. बायकांना यात जागाच नव्हती. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळी कामांवर बायाही डोक्यावर पाटी घेऊन माती वाहत होत्या. इथं मात्र दार बंद. कायद्यात वर्णभेद नको असं लिहिलेलं, तरी १९३५ पासून काळ्या तरुणांच्या छावण्या सरळ वेगळ्या केल्या.

१९४२ मध्ये अमेरिकी संसदेनं पैसे थांबवले. तोवर महायुद्ध दारात आलं होतं. कारखान्यांना माणसं पुरेनात, आणि भोंग्यासरशी उठून अंथरूण आवरायची सवय झालेली ही पोरं लष्कराला आयतीच मिळाली.