भूवैज्ञानिकाची सही

अध्यक्ष महाराज, प्राध्यापक मंडळी आणि विद्यार्थी मित्रहो,

पत्रिकेत विषय छापला आहे 'भूवैज्ञानिकांच्या रोजगाराचे बदलते प्रवाह'. त्याकडे येतोच. पण आधी संगमनेरकडच्या एका डाळिंबाच्या बागेत जाऊन येऊ. मला आज जे सांगायचंय, ते तिथल्या एका शेतकऱ्याने माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं होतं.

उन्हाळ्याचे दिवस, बाग वाळत चाललेली. मी विहिरीत उतरून पाहिलं. वर मुरूम, खाली भेगाळलेला खडक आणि मग अखंड काळा पाषाण. तुम्हाला पुढचं सांगायला नको. आपल्या डेक्कन ट्रॅपमध्ये, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या खडकात, पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन लाव्हा-प्रवाहांच्या सांध्यात असतं; जितकं खोल तितकं जास्त, असं इथे होत नाही. म्हणून म्हटलं, विहिरीतला गाळ काढा, ओढ्याच्या अंगाला आडवं बोअर मारा, उभं घेऊ नका. त्यांनी चहा पाजला, मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात बोअर मारणाऱ्या रिगचा एजंट पाणाड्याला घेऊन आला. विजेच्या खांबाशेजारी तळहातावरचा नारळ उभा राहिला. रिगवाल्याला पैसे फुटावर मिळतात, त्यामुळे गाडी पाचशे फुटांपर्यंत थांबलीच नाही. निघाला तो सगळा धुरळा.

इथे कितीजणांच्या घरचं बोअर नारळाने झालंय? करा हात वर, लाजू नका. बघा, आणि हे भूशास्त्राचं सभागृह आहे!

मी त्या शेतकऱ्याला विचारलं. दोष द्यायला नाही, मला खरंच समजून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "साहेब, तुमचं खरं होतं. पण तुमचा कागद मागतो कोण? बँक मागत नाही, पंचायत मागत नाही. एजंट मात्र दारात येऊन उभा राहतो."

मंडळी, आपल्या धंद्याचं सगळं अर्थशास्त्र या उत्तरात आहे. समाजाला गरज आहे म्हणून भूवैज्ञानिकाला काम मिळतं, असं आपण मुलांना शिकवतो. तसं नाही. जिथे त्याच्या सहीशिवाय काम पुढे सरकत नाही, तिथे नोकरी निर्माण होते. सरकारी योजनेतून विहीर घ्यायची तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा दाखला लागतो, म्हणून तिथे भूवैज्ञानिक बसलेला आहे. ही यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळातली. त्या पिढीने पायी हिंडून पाणलोट अभ्यासले, त्यांच्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. पण खासगी बोअरला? २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात रिगमालकाची नोंदणी आहे. बोअरची जागा भूवैज्ञानिकानेच ठरवावी, हा दंडक रानोरानच्या व्यवहारात कुठे दिसतो?

आता कॅनडा. १९९७ साली ब्री-एक्स नावाच्या तिथल्या खाणकंपनीचं इंडोनेशियातलं सोनं खोटं निघालं. खडकाच्या नमुन्यांत सोनं मिसळलेलं होतं. अब्जावधी डॉलर बुडाले. त्यानंतर २००१ मध्ये नियम आला की खनिजसाठ्याची माहिती जाहीर करायची तर ती पात्र व्यक्तीच्या जबाबदारीवरच. भूवैज्ञानिकांची व्यावसायिक नोंदणीही प्रांतोप्रांती पक्की झाली. सहीला कायद्याचं बळ आलं, आणि सही चुकली तर जबाबदारीही आली. आपल्याकडे डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्या नोंदणीला कायदा आहे. भूवैज्ञानिकाला नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. मूळ विषय भराभर सांगतो.

तेल: २०१४ च्या मध्यावर शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप २०१६ च्या जानेवारीत तिशीखाली आलं आणि जगभर भूवैज्ञानिक घरी बसले. ह्यूस्टन, आखाताच्या भरवशावर एम.एस्सी. करू नका. सरकारी नोकरी: केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ, दोन्हीकडे वाट जाते, पण जागा दरवर्षी कमीजास्त होतात. खनिजं: २०१५ मध्ये राष्ट्रीय खनिज अन्वेषण न्यास झाला, २०२१ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त खासगी संस्थांनाही शोधकाम खुलं झालं, २०२३ मध्ये लिथियमसारख्या खनिजांवर भर आला. नागपूरकडच्या मुलांनी इथे लक्ष ठेवावं. बोगदे: मुंबईची मेट्रो ३ बेसाल्ट आणि ब्रेचिया या तुकड्यातुकड्यांच्या खडकातून गेली, रोज फेस मॅपिंग, म्हणजे खोदलेल्या तोंडावरच्या खडकाची नोंद, करणारा माणूस लागतो, पण नेमणूक बहुधा कंत्राटी, प्रकल्प संपला की संपली. केंद्राच्या अटल भूजल योजनेतही पुष्कळ मुलं कंत्राटावरच होती. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र, शिकाच, पण हातोडा सोडू नका.

शेवटचा मुद्दा, आणि तो मला फार लागलेला आहे. दरडीखाली गाडली गेलेली गावं: माळीण २०१४, तळिये २०२१, इरशाळवाडी २०२३. इरशाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. डोंगरउतारावर घर, रस्ता, खोदकाम काहीही असो, परवानगीच्या कागदावर भूवैज्ञानिकाची सही सक्तीची करा, अशी मागणी आपण अजून एका आवाजात केलेली नाही. मसुदा मी आणला आहे. प्रश्नोत्तरं झाली की जे थांबतील त्यांच्याबरोबर बसून तो आज रात्रीच पुरा करू.