पागेतली मुलगी

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकलेल्या मुलीची तेवढ्यात हजेरीसुद्धा होत नाही.

गेल्या रविवारी लेकीनं विचारलं, "आई, तुझी शाळा तबेल्यात होती?" शाळेच्या नावाचा अर्थ सांगायला गेले, ही चूक माझीच. हुजुरांची, म्हणजे पेशव्यांची पागा. घोडे बांधायची जागा. लेक हसून लोळली. नवराही. तो रमणबागेचा, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलचा, त्याला तेवढंच हवं होतं.

मग मीही सुनावलं. तुमचं न्यू इंग्लिश स्कूल तरी कुठे स्वतःच्या घरात जन्मलं? १८८० साली मोरोबादादांच्या वाड्यात! पुढे गद्रे वाडा, नाना वाडा. नाना वाड्यात आत नाना फडणविसांचे सुरूचे खांब आणि पुढे इंग्रजी अमदानीतलं दगडी बांधकाम. पेशवाईच्या जुन्या कपड्यांवर ठिगळं लावतच पुण्यातल्या शाळा मोठ्या झाल्या.

आमची २९ सप्टेंबर १८८४ ची. रानडे, भांडारकर, मोडक यांनी काढलेली. टिळकांच्या 'मराठा' साप्ताहिकानं तिच्या अभ्यासक्रमावर झोड उठवली होती. तरी मुली येत राहिल्या. वर्ग वाढले, वसतिगृह झालं, पाटीवर 'एच. एच. सी. पी.' आलं. ते सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांचं नाव आहे, हे मला शाळा सुटल्यावर कळलं. लक्ष्मी रोडच्या अंगाला दुकानं झाली. खिडकीशी बसलं की बाईंचा भूगोल कमी आणि साड्यांचा भाव करणाऱ्या बायकाच जास्त ऐकू यायच्या. भूगोल कच्चा राहिला; आज हा हॉल शोधताना दोनदा चुकले.

पण लेक तिथेच थांबली नाही. "तुझी शाळा घोड्यांची, बाबांची शाळा वाड्यातली, मग आमची मराठी शाळा कुणाची?"

आमची? दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये बॅडमिंटनचं नेट सोडवून आपण वर्ग मांडतो. एक वाजता फळा पुसायचा, खुर्च्या घड्या घालून कोपऱ्यात लावायच्या, किल्ली परत. तिथे मराठी शाळा भरते याचा मागमूस सोमवारी उरत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तिकिटांना आपली रांग दारापर्यंत जाते, त्यात श्रीखंडासाठी मी सगळ्यांत पुढे. शाळेच्या जागेचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना पार्किंगची वेळ संपल्याचं आठवतं. मलाही.

लेकीला मी म्हटलं, "बघू." तिनं पुन्हा विचारलं, काल रात्री, झोपताना.

जानेवारीपासून शाळेच्या हॉलचं भाडं वाढतंय. खजिनदार खाली बघताहेत, मला इथून दिसतंय.