एकोणपन्नासाव्या पानाच्या अलीकडे

[पडद्यावर: टेबलावर एक पातळ पुस्तिका. पानं पिवळी पडलेली, मध्ये दोन गंजलेल्या पिना.]

पुस्तक म्हणायचं तरी कशाला? १९६४ साली युनेस्कोनं याचं उत्तर आकड्यांत दिलं. मुखपृष्ठ सोडून किमान ४९ पानं असली तर ते पुस्तक. ५ ते ४८ पानं असली तर पुस्तिका. देशोदेशींची आकडेवारी जमवायची म्हणून केलेली ही सरकारी थाटाची व्याख्या. पण भांडवलशाही, वसाहतवाद आणि पुरुषसत्ता यांच्याविरुद्ध जे जहाल लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं या एकोणपन्नासाव्या पानाच्या अलीकडेच थांबलंय. पातळ पुस्तिकेला कणा नसतो. कपाटात उभी केली तर ती दोन जाड ग्रंथांमध्ये दडून जाते, आणि कण्यावर नाव नसल्यामुळे शोधणाऱ्याला दिसतही नाही.

फेब्रुवारी १८४८. लंडनमधला एक लहानसा छापखाना. तिथून जर्मन भाषेतलं २३ पानांचं एक चोपडं बाहेर पडलं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. हाच मार्क्स आणि एंगल्स यांचा कम्युनिस्ट जाहीरनामा.

दोन वर्षांनी, १८५० मध्ये, ‘रेड रिपब्लिकन’ या लंडनच्या साप्ताहिकात त्याचं पहिलं इंग्रजी भाषांतर आलं. ते केलं हेलन मॅकफर्लेन या स्कॉटिश बाईंनी. स्वतःचे लेख त्या हॉवर्ड मॉर्टन या पुरुषी नावानं लिहीत. जाहीरनाम्याचं पहिलं वाक्य सगळ्यांना माहीत आहे: युरोपला पछाडणारं ते भूत. मॅकफर्लेनबाईंनी मात्र तिथे भूत आणलं नाही. त्यांनी जो शब्द वापरला, त्याला मराठीत एकच प्रतिशब्द शोभतो: बागुलबुवा. एक भयंकर बागुलबुवा युरोपभर फिरतोय!

या शब्दाला लोक पुढे हसले. १८८८ च्या भाषांतरात त्याचं भूत झालं आणि तेच रूढ झालं. मला विचाराल तर बाईंचा शब्द जास्त नेमका होता. बागुलबुवा खरा नसतो, मुलांना भीती घालायला मोठ्यांनीच तो तयार केलेला असतो. जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावरचा मुद्दाही तोच आहे. विरोधकावर ‘कम्युनिस्ट’ असा शिक्का मारून राज्यकर्ते सगळ्यांना घाबरवतात. तेव्हा ती भाकडकथा पुरे, आम्ही खरे कोण ते आता आम्हीच सांगतो.

अमेरिकेत हा इंग्रजी जाहीरनामा छापला तोही दोन बहिणींनी. ३० डिसेंबर १८७१, न्यूयॉर्क. व्हिक्टोरिया वुडहल आणि टेनेसी क्लॅफ्लिन यांचं साप्ताहिक. गंमत अशी, की याच दोघींनी १८७० मध्ये वॉल स्ट्रीटवर शेअर दलालीची पेढी उघडली होती. एकीकडे दलाली, दुसरीकडे भांडवलशाहीच्या अंताची घोषणा! १८७२ साली वुडहलबाई चक्क राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळायला तेव्हा अजून ४८ वर्षं होती.

[पडद्यावर: काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात एक तरुण काळी स्त्री, हातात वर्तमानपत्र.]

आता जरा थांबूया. कारण भांडवलशाही, वसाहतवाद आणि पुरुषसत्ता हे तिन्ही प्रश्न जिच्या एकाच लेखात येऊन बसले, ती बाई ही.

क्लॉडिया जोन्स. जन्म १९१५, त्रिनिदाद. ती तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. लहानपणीच त्या आईवडिलांच्या पाठोपाठ न्यूयॉर्कला आल्या. आई कपड्यांच्या कारखान्यात राबत होती, ती अकाली गेली. क्लॉडियांना ऐन तरुणपणी क्षयानं गाठलं. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या कम्युनिस्ट चळवळीत आल्या, आणि १९४९ मध्ये पक्षाच्या ‘पोलिटिकल अफेअर्स’ या मासिकात त्यांचा एक लेख आला. काळ्या स्त्रियांच्या प्रश्नांकडे होणारं दुर्लक्ष आता पुरे, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं.

काळी म्हणून, बाई म्हणून आणि कामगार म्हणून, असा तिहेरी भार एकाच पाठीवर असतो, हे त्या लेखाचं म्हणणं. हा भार तीन वेगळ्या गाठोड्यांत बांधता येत नाही. दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी आणि मुलं सांभाळण्यापलीकडे बहुतेक कामांची दारं काळ्या बाईला बंद, म्हणून तिची मजुरी सगळ्यांत कमी. ही जर सगळ्यांत जास्त पिळली जाणारी कामगार असेल, तर तिला वगळून कामगार चळवळ चालवणार कशी? आणि हा प्रश्न त्यांनी मालकवर्गापुरता ठेवला नाही. आपल्याच पक्षातल्या गोऱ्या पुरोगाम्यांचीही त्यांनी चांगलीच हजेरी घेतली.

पुढे अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. मूळ आरोपपत्रात पुरावा म्हणून त्यांचा एक लेख होता, स्त्रिया आणि शांततेचा लढा या विषयावरचा. सुनावणीत सरकारी पक्षानं तो बाजूलाच ठेवला. १९५३ मध्ये शिक्षा सुनावली जाण्याआधी क्लॉडियांनी न्यायाधीशांना याचं कारण सांगितलं: तो लेख इथे वाचताच येणार नाही, कारण त्यात काळ्या-गोऱ्या सगळ्याच आयांना कोरियातलं युद्ध थांबवायची हाक दिली आहे.

शिक्षा झाली एक वर्ष आणि एक दिवस. तुरुंगातून सुटल्यावर हद्दपारी. पण पाठवायचं कुठे? त्रिनिदादचा ब्रिटिश गव्हर्नर म्हणाला, ही बाई इथे त्रास देईल, नको. म्हणून डिसेंबर १९५५ मध्ये त्या लंडनला पोचल्या. १९५८ साली ब्रिक्स्टनमध्ये एका रेकॉर्डच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ हे मासिक पत्र सुरू केलं. पैशांची कायम ओढाताण, तब्येतीची तर त्याहून. १९६४ च्या डिसेंबरात, पन्नाशी गाठण्याआधीच त्या गेल्या. हायगेटच्या दफनभूमीत त्यांची जागा कार्ल मार्क्सच्या कबरीशेजारीच आहे. तिकडे तोंड करून उभं राहिलं तर डाव्या हाताला.

[पडद्यावर: सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल फिरतंय. एकेक कागद खाली पडतोय.]

छापखाना परवडत नसेल तर? मग सायक्लोस्टाइल. टाइपरायटरची रिबन बाजूला सारायची आणि मेणाच्या कागदावर नुसत्या अक्षरांनी घाव घालायचे. याला स्टेन्सिल कापणं म्हणत. घाव हलका बसला तर शाई उतरत नाही. जोरात बसला तर ‘ओ’च्या पोटातला मेणकागद तुकडा होऊन गळतो, आणि छापताना तिथे काळा ठिपका उमटतो. जुनी पत्रकं बारकाईनं पाहिली तर असे ठिपके सापडतात. टाइप करणारीचा हात त्या शब्दावर जड पडला होता, एवढं त्यावरून नक्की कळतं.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या जहाल स्त्रीवादी गटानं आपल्या लेखांचा पहिला अंक असाच घरगुती थाटात काढला. किंमत स्त्रियांना ५० सेंट, पुरुषांना एक डॉलर. कुणाला हा आगाऊपणा वाटेल. पण तेव्हा अमेरिकेत पूर्णवेळ काम करणाऱ्या बाईला पुरुषाच्या एका डॉलरमागे ६० सेंटही पडत नव्हते. हिशेब तसा जुळतो.

बॉस्टनच्या बायकांची गोष्ट वेगळी. डॉक्टर धड उत्तरं देत नाहीत, म्हणून १९६९ पासून एकत्र जमून त्यांनी स्वतःच आपल्या शरीराचा अभ्यास केला, आणि १९७० च्या अखेरीस वर्तमानपत्री कागदावर तो छापला. १९३ पानं, पिना मारलेली, ७५ सेंट. युनेस्कोच्या लेखी हे पुस्तकच, पण हातात घेतलं तर चोपडं. बाळंतपण आणि गर्भपात यांच्याबरोबर त्यात औषधोपचार आणि भांडवलशाही यांवरही एक निबंध होता. पहिलं नाव होतं ‘स्त्रिया आणि त्यांची शरीरं’. पुढच्याच वर्षी ‘त्यांची’ जाऊन ‘आपली’ आलं. मोठ्या प्रकाशकाकडे जाण्याआधीच, या हातातून त्या हातात, अडीच लाख प्रती खपल्या.

स्त्रीवादी लेखिका सिल्व्हिया फेदेरीची यांची १९७५ ची पुस्तिका तर जेमतेम आठ पानांची. तुम्ही ज्याला प्रेम म्हणता ते बिनपगारी काम आहे, या सुरातच ती सुरू होते.

खरं सांगायचं तर हे सगळं वाचन असं धारदार नाही. ढीग उपसायला घेतला की निम्म्या पत्रकांत दुसऱ्या डाव्या गटाला शिव्या असतात, आणि त्या का, हे चार पानं वाचूनही कळत नाही.

वसाहतींमधून आलेलं लिखाण मात्र क्वचितच असं भरकटतं. कॅरिबियनमधल्या मार्तिनिक या फ्रेंच बेटाचे कवी एमे सेझेर यांनी १९५० मध्ये वसाहतवादावर लिहिलं, की युरोपनं जे जगभर केलं तेच हिटलरनं युरोपात केलं, आणि युरोपला राग आला तो याचाच. हवानामध्ये जानेवारी १९६६ मध्ये आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या चळवळी एकत्र जमल्या. तिथून ‘ट्रायकॉन्टिनेंटल’ हे नियतकालिक निघालं. त्याच्या अंकात घडी घालून एक पोस्टर ठेवलेलं असे, त्यावर मजकूर स्पॅनिश, इंग्रजी, फ्रेंच आणि अरबीत. लेख कुणी वाचो न वाचो, पोस्टर भिंतीवर लागायचंच. संग्रहांत जपलेल्या प्रतींवर त्या घड्या अजून दिसतात.

[पडद्यावर: संगणकाचा पडदा. मजकूर भराभर वर सरकतोय.]

आता हे सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं, असं वाटतं ना? मार्क्सवादी लिखाणाचा एक मोठा संग्रह स्वयंसेवक तिथे चालवतात. २०१४ मध्ये लॉरेन्स अँड विशार्ट या डाव्याच प्रकाशनसंस्थेनं त्यांना कळवलं, की मार्क्स-एंगल्स यांच्या समग्र इंग्रजी वाङ्मयावर आमचा हक्क आहे, ते काढून टाका. ५० खंडांची ती मालिका. अनेक वर्षांच्या मेहनतीचं मोल मिळायला हवं, असं प्रकाशकांचं म्हणणं होतं. ते अगदीच चूक होतं असंही नाही. मुदत दिली ३० एप्रिलची. दुसऱ्या दिवशी कामगार दिन.

मजकूर काढून टाकला गेला. जाहीरनामा मात्र जागच्या जागी राहिला. तिथे होतं ते १८८८ चं भाषांतर, आणि त्यावर आता कुणाचीच मालकी नव्हती.

[पडद्यावर: पुन्हा तीच पुस्तिका. एक हात पान उलटतो. गंजलेल्या पिनेचा तांबूस डाग पलीकडच्या पानावरही उमटलेला.]