वसमत रोडवरची गॅसवरची मारुती

ही मारुती ८००. एमएच-२२ पासिंग, रंग मूळचा पांढरा, आता उन्हानं पिवळट पडलाय. ८०० आली १९८३ ला अन् बनायची बंद झाली २०१४ ला, पण आपल्या परभणीकडं अजून कितीतरी दारापुढं ती उभी दिसते, कारण इंजिनच साधं आहे, ७९६ सीसी, तीन सिलेंडर, कुठल्याही गावचा मिस्त्री खोलून परत बसवून देतो. पेट्रोल परवडेना म्हणून घरचे म्हणायले होते भंगारात द्या, पण गाडीचे मालक रिटायर्ड गुरुजी, त्यांनी काही ऐकलं नाही, गाडी गॅसवर म्हणजे एलपीजीवर करायला घेतली. अन् बरं झालं नाही ऐकलं, चालतं इंजिन भंगारात घालण्यासारखा दुसरा नास नाही.

(शेड, बाहेरून)

गाडीला गॅस किट बसवणारे आपले भाई. वसमत रोडला त्यांचं घर अन् घराला लागूनच हे पत्र्याचं शेड. कंपनीच्या गॅस किटचं अधिकृत फिटिंग ते इथंच करतात. घरचं गॅरेज म्हणून कोणी हलकं समजू नका, काम बघा.

पहिली बसते टाकी. डिकीत आडवी, खालून पत्र्याच्या पट्ट्या देऊन पोलादी पट्ट्यानं आवळलेली. तोंडावर हा जो बंद डबा दिसतोय ना, त्यातून एक जाड नळी थेट गाडीच्या खाली काढलीय. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, लिक झाला की वर उडून जात नाही, खाली बसतो, डिकीत बसला तर संपलं, म्हणून त्याला बाहेर जायची वाट आधीच करून ठेवायची. तिथून तांब्याची नळी गाडीच्या पोटाखालून पुढं जाते, सायलेन्सरपासून लांब, अन् भाई दर थोड्या अंतरावर क्लिप मारतात, कारण आपल्या रस्त्यांवर मोकळी नळी घासून घासून फाटणारच.

आता हा डबा नीट बघा. ॲल्युमिनियमचा, ओंजळीत मावेल एवढा. याला रेड्युसर म्हणतात. टाकीत प्रोपेन अन् ब्युटेन दाबाखाली पातळ होऊन असतात, इंजिनला मात्र वाफ लागते, ती इथं होते. अन् पातळाची वाफ होताना गॅस उष्णता ओढून घेतो. हे दाखवायला भाईंनी सकाळच्या पारी, पौषातल्या थंडीत, गरम पाण्याच्या पाईपला चिमटा लावून गाडी तशीच गॅसवर चालवली. आधी डब्यावर थेंब आले, मग बघा, कडेनं पांढरं बर्फ धरायला लागलं, अन् इंजिन अडखळायलंय. आता चिमटा काढला. इंजिनचं गरम पाणी डब्यातून फिरलं, बर्फ उतरलं, आवाज सरळ. एवढ्यासाठीच गाडी आधी पेट्रोलवर चालू करायची असते.

डॅशबोर्डखाली हे तीन घरांचं बटण. एका बाजूला पेट्रोल, एका बाजूला गॅस अन् मधलं घर दोन्ही बंद. पेट्रोलवरून थेट गॅसवर उडी मारायची नाही, कार्बोरेटर म्हणजे जिथं पेट्रोल हवेत मिसळतं, त्याच्या वाटीत पेट्रोल उरलेलं असतं, मधल्या घरावर ते जळू द्यायचं, गाडी जरा खोकली की मग गॅस. भाई गुरुजींना सांगतात, “गुरुजी, पहिलं तापू द्यायची बरं का, मंग गॅसवर घ्यायची. घाई नाही करायची.” गुरुजी म्हणतात, “वर्गात हेच सांगायलोय जन्मभर, भाई.”

एअर फिल्टरच्या खाली मिक्सर बसलाय, इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढा गॅस त्यात जातो. किती जायचा ते या स्क्रूवर. मशीन नाही लावलेलं, भाई कान लावून बसलेत, पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं, आवाज एकसारखा होईस्तोवर. धुराची तपासणी मशीनवर नंतर होतेच, पण हा कान कोणत्याच मशीनमध्ये नाही. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा आला की जोड परत उघडायचा.

(घरचा लाल सिलेंडर, क्लोजअप)

अन् हे मात्र कोणी करू नका. १४.२ किलोचा स्वयंपाकाचा सिलेंडर उलटा करून मोटर लावून गाडीत गॅस भरायचा. गाडीच्या टाकीत भरताना ८० टक्क्यांवर आपोआप बंद होणारा वॉल्व असतो, कारण आपल्या उन्हाळ्यात पातळ गॅस फुगतो अन् त्याला जागा लागते. सिलेंडरच तसा गाडीत ठेवला तर असलं काहीच नसतं, अन् मोटरनं गॅस ओढताना एक ठिणगी पुरे, घरासकट माणसं जातात. वर जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली गुन्हा. गाडीत एलपीजी वापरायला २००० सालापासून कायद्यानं परवानगी आहे, मग चोरून कशाला करायचं?

किट पुण्याच्या एआरएआयनं, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं, मान्य केलेलं घ्या, टाकीला स्फोटक विभागाची मान्यता बघा, बसवल्यावर आरटीओत आरसीवर नोंद अन् इन्शुरन्सला कळवणं. लिटरमागं ॲव्हरेज पेट्रोलपेक्षा कमी पडतं, पिकअप थोडा उतरतो, गॅसचे पंप आपल्याकडं कमी आहेत, म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. टाकीची टेस्ट मुदतीत करून घ्या, तारीख टाकीवरच कोरलेली असते.