दगड फायबरचा, डोंगर येऊरचा

[ठाण्यातलं कोलशेत. सकाळ. शूटिंगच्या सामानाच्या गोदामाचं शटर वर जातंय.]

हा दगड दोन पोरांनी उचललाय. एवढा काळा पाषाण असता तर क्रेन लागली असती. हा फायबरचा आहे, आतून पोकळ. उलटा केला की लाकडी पट्ट्यांची चौकट दिसते आणि मार्करने लिहिलेलं नाव: 'जंगल ७'.

गोदामात 'जंगल १' पासून 'जंगल १४' पर्यंत दगड आहेत. वेली प्लॅस्टिकच्या, पोत्यांत दाबून भरलेल्या. मशाली आहेत, कवट्या आहेत, काथ्याने बांधलेली बांबूची दारं आहेत, कोपऱ्यात धुराचं मशीन आहे. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात मालिकांची शूटिंग वर्षभर चालू असतात. त्यांचे देव्हारे, सोफे, झुंबरं अशाच गोदामांतून जातात. जंगलाची रांग वेगळी. कुठल्या तरी कार्यक्रमाला जंगल हवं असलं की टेम्पो भरतो.

[कॅमेरा शटरमधून बाहेर. टॉवरच्या फटीतून डोंगराची रेघ.]

आणि ती मागची रेघ म्हणजे येऊर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात बिबटे, आणि पिढ्यान् पिढ्या राहणारे वारली.

[येऊर. पाड्यावरचं घर. भिंतीवर टीव्ही.]

सहावीतली ही मुलगी सुट्टीत दुपारी टीव्ही पाहते. आत्ता पडद्यावर एक अभिनेत्री काचेच्या पेटीत आडवी झालीय आणि वरून झुरळं सोडतायत. ती किंचाळते. मुलीची आजी चुलीपाशी बसलीय. ती एकदा वळून बघते आणि पुन्हा कामाला लागते. आम्ही तिला मावशी म्हणतो, या माहितीपटातही मावशीच म्हणू.

हे खेळ आले कुठून? १९९७ साली स्वीडनमध्ये साध्या माणसांना बेटावर ठेवून एक कार्यक्रम झाला. २००० साली त्याचाच अमेरिकी अवतार आला, 'सर्व्हायव्हर'. मग २००२ साली ब्रिटनमध्ये साध्या माणसाच्या जागी नामांकित माणूस आला. कार्यक्रमाचं नावच 'आय अ‍ॅम अ सेलिब्रिटी, गेट मी आउट ऑफ हिअर!' म्हणजे मी सेलिब्रिटी आहे, मला इथून बाहेर काढा. माणसं ब्रिटनची, जंगल ऑस्ट्रेलियाचं. छावणीत मूळ शिधा भात आणि घेवड्याचे दाणे. पोटभर हवं असेल तर कुणीतरी टास्क करायचा. किड्यांनी भरलेल्या पेटीत हात घालायचा, सापांच्या खड्ड्यात उतरायचं, नाहीतर ताटात येईल ते गिळायचं. जेवढे तारे मिळतील तेवढ्या माणसांचं जेवण. कोणी जायचं ते बऱ्याचदा घरी बसलेले प्रेक्षक मतं देऊन ठरवतात. सोसवेनासं झालं की कार्यक्रमाचं नाव ओरडायचं आणि सुटका.

२००९ साली तेच हिंदीत आलं, सोनी टीव्हीवर, 'इस जंगल से मुझे बचाओ'. जंगल मलेशियाचं. त्याच्या आदल्या वर्षी 'खतरों के खिलाडी' दक्षिण आफ्रिकेतून सुरू झालं होतं. तिथे डोंगर, हेलिकॉप्टर आणि पाणी जास्त, पण सापांच्या आणि किड्यांच्या पेट्या त्याच. पुढे आपली माणसंही गेली. अमृता खानविलकर बल्गेरियात, शिव ठाकरे केपटाउनला. त्यांच्या धाडसाबद्दल मला शंका नाही. उंचावर बांधलेल्या दोरीवर पाय खरेच थरथरतात.

पण या सगळ्या कार्यक्रमांत एक गोष्ट समान आहे. कलाकाराला जंगलातलं काही ठाऊक असावं लागत नाही. त्याने फक्त सोसायचं असतं.

[लोकमान्य नगर. चाळीची गच्ची. मोबाइलवरचे फोटो.]

हा तरुण आज टेम्पो चालवतो. चार वर्षांपूर्वी अशाच एका छोट्या कार्यक्रमावर होता. शूटिंग शहापूरजवळच्या एका फार्महाउसवर. त्याने जपून ठेवलेले फोटो क्रमाने पाहूया.

पहिल्या फोटोत गवत आहे, कमरेएवढं, खरंखुरं. दुसऱ्या फोटोत ते कापून साफ केलंय, कारण गवतात काय असेल ते सांगता येत नाही आणि कलाकारांची जबाबदारी मोठी. तिसऱ्या फोटोत त्याच जमिनीवर प्लॅस्टिकचं गवत अंथरलंय. चौथ्यात फायबरचे दगड. पाचव्यात कॅमेऱ्यांवर जाळी टाकून वर पाला खोचलाय. सहाव्या फोटोत तो स्वतः आहे, काचेच्या पेटीत झोपलेला.

सेलिब्रिटी यायच्या आधी प्रत्येक टास्क कुणीतरी करून बघायचा असतो. इथे तो हा करायचा. पेटीत तो आधी झोपायचा, हौदात तो आधी उतरायचा. प्रॉडक्शनचा माणूस घड्याळ लावून उभा. याला जेवढा वेळ जमला त्यावरून कलाकाराची वेळ ठरायची. "दादा, मी दोन मिनटं काढली की म्हणायचे, चला, म्याडमना पन्नास सेकंद." कार्यक्रमाच्या शेवटच्या पाटीत त्याचं नाव नव्हतं. पेट्यांतले किडे शूटिंग संपल्यावर गोणीत भरून टाकून दिले, एवढंच तो सांगतो.

[येऊर. पहाट. जूनचा पहिला आठवडा. मावशी रानात.]

आता मावशीबरोबर.

पहिला पाऊस पडायच्या बेतात असताना, जमीन अजून तापलेली असताना, शेवळं नावाची रानभाजी वर येते. पान नाही, फांदी नाही. मातीतून सरळ एक कोंब, तपकिरी-जांभळा, मशालीसारखा. मावशी वाकते, बुडाशी दोन बोटं घालते आणि हलक्या झटक्याने कोंब मोडून घेते. खालचा कंद तसाच राहतो. बाजूचे दोन कोंब ती तसेच सोडते. का, ते आम्ही विचारलं नाही, पण पुढच्या सगळ्या चित्रीकरणात ती दर जागी दोन सोडताना दिसते.

ठाणेकरांना शेवळं नवी नाहीत. जांभळी नाक्याच्या बाजारात आणि स्टेशनबाहेर जुड्या लावून पाड्यावरच्या बायका बसतात. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत या भाजीची वर्षभर वाट पाहतात. आमच्या नौपाड्यातल्या घरी आजी सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालून करायची आणि त्या दिवशी पोळ्या जास्त लाटल्या जायच्या.

[मावशीचे हात. जवळून.]

पण ही भाजी तशीच खाल्ली तर घसा सोलून निघाल्यासारखा खाजतो. अळूत असतात तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हिच्यातही असतात. कच्चा तुकडा ताटात ठेवला असता तर कुठल्याही टास्कमध्ये चालला असता.

मावशी हाताला तेल लावते. बाहेरचं जांभळं वेष्टण सोलते. आतल्या दांड्याचा पिवळा भाग दिसला की तो नखाने तोडून बाजूला टाकते, सगळ्यात जास्त खाज तिथेच. उरलेलं विळीवर बारीक चिरते. विळी जुनी आहे, पातं मध्ये झिजून चंद्रकोर झालंय.

मग काकडं. सॅलडची काकडी नव्हे. हे एका रानझाडाचं फळ, हिरवं, आवळ्याहून लहान, तोंड वाकडं होईल इतकं आंबट. शेवळं आणि काकडं एकाच सुमाराला मिळतात, बाजारात बाया दोन्ही एकाच टोपलीतून देतात. मावशी काकडं उकडते, चुरडते, बिया काढते आणि तो आंबट गर शेवळांत घालते. या आंबटाने खाज मरते. काकडं नाही मिळाली तर चिंच. काहीच नसेल तर ती भाजी त्या दिवशी करायचीच नाही.

चुलीवर भगोणं चढलं. तेल, कांदा, लसूण, मिरची, मूठभर सुकट. झाकण. सकाळी सहाला निघालेली भाजी साडेदहाला ताटात आली.

नात ताट घेऊन टीव्हीसमोर बसलीय. मावशी तिला आधी एक छोटा घास देते आणि थांबते. मुलगी मान हलवते. मग बाकीची भाजी वाढते.

हा छोटा घास मी तीन वेळा चित्रित केला. टीव्हीवर गिळण्याचं घड्याळ असतं. इथे साडेचार तासांचं काम आहे, आणि त्यानंतरही थांबून बघणं आहे. कडूकंद या रानातल्या कंदाचं तर याहून अवघड. चकत्या करून राखेबरोबर उकडायच्या आणि वाहत्या ओढ्यात रात्रभर बांधून ठेवायच्या, तेव्हा कुठे कडूपणा जातो.

[रानवाट. काका पुढे, कॅमेरा मागे.]

मावशीचे दीर आम्हाला वर घेऊन गेले. पायात स्लिपर. ओढ्याच्या कडेला ते थांबतात आणि चिखलाकडे बोट दाखवतात. चार बोटं, मागे गादी, नखांची खूण नाही. बिबट्याचं पाऊल. कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात, बिबट्या नखं आत ओढून चालतो. काका शेजारी हात ठेवून माप दाखवतात आणि वाट बदलतात. आवाज नाही, पळापळ नाही. दहा पावलं डावीकडून.

पुढे शेंदूर लावलेला दगड आहे. हा वाघोबा. वारल्यांचा देव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते, आणि त्याच्याकडे मागणं असतं की तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या. काका चप्पल काढतात. हा दगड हलत नाही, आम्ही तरी हलवून पाहिला नाही.

काळोख पडायच्या आत आम्हाला खाली यायचं होतं, म्हणून येऊरची रात्र या माहितीपटात नाही.

[बातम्यांची कात्रणं. टिकुजीनीवाडीचं कुंपण.]

ब्रिटनच्या त्या कार्यक्रमात २००९ साली स्पर्धकांनी छावणीत उंदीर मारून शिजवला. ऑस्ट्रेलियात खटला झाला आणि वाहिनीला तीन हजार डॉलर दंड झाला. २०१९ पासून तिथे टास्कमध्ये जिवंत किडे खायला देणं बंद आहे. इकडे ठाण्यातल्या टिकुजीनीवाडीपासून बोरिवलीपर्यंत याच डोंगराच्या पोटातून जोडबोगद्याचं काम सुरू आहे, बोगद्याचीच लांबी दहा किलोमीटरहून अधिक.

[पुन्हा कोलशेत. ऑगस्ट. पावसाची उघडीप.]

गणपती जवळ आलेत. गोदामात मखरांसाठी जागा हवी म्हणून जंगलाची रांग दीड महिना बाहेर अंगणात उभी होती. 'जंगल ७' पावसात भिजलाय. रंगाचे पोपडे उडालेत, आणि फटीत साचलेल्या धुळीवर शेवाळ धरलंय, खरं, ओलं, गर्द हिरवं. वरच्या खाचेत नेच्याचं एक बोटभर रोप उगवलंय, पानाचं टोक अजून गुंडाळलेलं.

उद्या एका शूटिंगची ऑर्डर आहे. पोरगा तारेचा ब्रश घेऊन बसतो. शूटिंगवाल्यांना हिरवा रंग त्यांच्या शेडचा लागतो, तो डबा शेजारी उघडून ठेवलाय. तो दगडाच्या एका अंगाने घासायला लागतो. नेच्यापाशी आल्यावर ब्रश थांबतो. तो रोप दोन बोटांनी बुडाशी धरून काढतो, मुळाची माती न सांडता, आणि भिंतीलगतच्या गटाराच्या कडेला, ओल्या मातीत दाबून ठेवतो.

मग उरलेला दगड घासतो.