ब्रिटिश नसलेला ब्रिटिश देशद्रोही

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याच देशाविरुद्ध जो हत्यार उचलतो, त्याचं नागरिकत्व काढून घ्यावं का? विचारून बघा, बहुतेकांचं उत्तर तयार असतं. काढा की! खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला घरात ठेवायचं कशाला? माझं मत उलट आहे. पण मत नंतर, आधी किस्सा. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाचा आहे, त्यामुळे मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुसरं महायुद्ध. ब्रिटनमध्ये रात्री घरोघरी रेडिओ लागायचा, आणि अनेक घरांत चक्क शत्रूचं केंद्र लागायचं. जरा नाकातला, कुत्सित आवाज यायचा: ‘जर्मनी कॉलिंग, जर्मनी कॉलिंग.’ जर्मनीतून इंग्रजीत बोलणारा हा माणूस ब्रिटिशांना ऐकवायचा, की तुमचं काही खरं नाही. लोकांनी त्याचं नाव पाडलं लॉर्ड हॉ-हॉ. खरं नाव विल्यम जॉइस. हातात बंदूक नव्हती, मायक्रोफोन होता.

२८ मे १९४५. जर्मनी शरण गेली होती. डेन्मार्कच्या सीमेजवळ, फ्लेन्सबुर्गच्या बाजूच्या रानात दोन ब्रिटिश अधिकारी जळणासाठी लाकडं गोळा करत होते. तिथे एक माणूस भेटला. तिकडे अजून थोडी लाकडं आहेत, असं तो आधी फ्रेंचमध्ये म्हणाला आणि मग इंग्रजीत. त्या इंग्रजीनं घात केला. अधिकाऱ्यांपैकी एकानं, लेफ्टनंट जेफ्री पेरीनं, आवाज ओळखला. त्यानं विचारलं, तू विल्यम जॉइस तर नाहीस? त्या माणसाचा हात खिशाकडे गेला. पिस्तूल काढतोय असं वाटून पेरीनं गोळी झाडली, ती नेमकी ढुंगणात लागली. खिशात पिस्तूल नव्हतंच. होते खोटे कागद, विल्हेल्म हान्सेन या नावाचे.

चेहरा लपवता येतो हो, आवाज नाही लपवता येत.   

हा पेरी कोण? जन्मानं जर्मन ज्यू, मूळ नाव होर्स्ट पिन्शेवर. युद्धाआधीच ब्रिटनला पोहोचला म्हणून वाचला. देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचं नागरिकत्व नाझींनी नोव्हेंबर १९४१ मध्ये एका फटक्यात काढून टाकलं होतं. त्यांनी हत्यार उचललं होतं म्हणून नव्हे, ते ज्यू होते म्हणून. अशी सत्ता सरकारच्या हातात आली की ती कुणावर चालेल, हे त्या वेळी जगानं पाहिलं.

आता खरी गंमत. जॉइसला लंडनच्या कोर्टात उभं केलं. आरोप देशद्रोहाचा, शिक्षा फाशी. आणि बचाव काय? तर, मी ब्रिटिश नाहीच! आणि ते खरं निघालं. जन्म १९०६ चा, न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वडील अमेरिकेचे नागरिक झालेले. बालपण तेव्हा ब्रिटनच्या ताब्यात असलेल्या आयर्लंडमध्ये गेलं, तरी माणूस कागदोपत्री अमेरिकनच. ब्रिटिश नाही तर ब्रिटनशी द्रोह कसला? तीनपैकी दोन आरोप तिथेच गळून पडले.

तिसरा मात्र राहिला. १९३३ मध्ये जन्मगाव खोटं सांगून त्यानं ब्रिटिश पासपोर्ट काढला होता. जर्मनीला जाण्याच्या तोंडावर, ऑगस्ट १९३९ मध्ये, त्याची मुदतही वाढवून घेतली होती. कोर्ट म्हणालं, पासपोर्ट खिशात होता तोवर तू ब्रिटनचं संरक्षण घेतलंस, तोवर निष्ठाही ब्रिटनशीच. पुढे १९४० मध्ये तो रीतसर जर्मन झाला. त्यानंतरच्या भाषणांसाठी त्याला हात लावता आला नाही. फाशी झाली ती पासपोर्ट चालू असतानाच्या भाषणांसाठी, ३ जानेवारी १९४६ ला. त्याआधी अपील हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या शेवटच्या कोर्टापर्यंत गेलं होतं, आणि तिथल्या पाचांपैकी एका न्यायाधीशाला हे मान्य नव्हतं. आणि निकालाची सविस्तर कारणं जाहीर झाली फाशीनंतर! हे मला आजही खटकतं.

पण मुद्दा ध्यानात घ्या, पुन्हा सांगते. ‘मी तुमचा नाही’ हा आरोपीचा बचाव होता. ‘तू आमचाच’ हे सरकारचं म्हणणं होतं. आज सरकारंच म्हणतात, तू आमचा नाहीस. म्हणजे आरोपीच्या वकिलाचं काम सरकारच करून टाकतं.

नील प्रकाशचं उदाहरण घ्या. मेलबर्नमध्ये जन्मलेला, सीरियात जाऊन इस्लामिक स्टेटला मिळालेला. तो तुर्कस्तानच्या तुरुंगात असताना ऑस्ट्रेलियानं जाहीर केलं, की हा आता आमचा नागरिक नाही. वडील फिजीचे, तेव्हा हा फिजीचा. फिजी म्हणालं, आमचा हा कधीच नव्हता. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये खटला चालवायला त्याला ऑस्ट्रेलियातच आणावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या हायकोर्टानं दुसऱ्या एका प्रकरणात नागरिकत्व काढण्याचा मंत्र्यांचा अधिकार रद्द ठरवला होता. ही शिक्षा आहे आणि शिक्षा देणं कोर्टाचं काम, मंत्र्याचं नव्हे, असं कोर्टाचं म्हणणं.

वडील फिजीचे, यावर सगळी भिस्त होती हे पाहा. कुणाला अगदी बिनदेशी करायचं नाही, असा दंडक बरेच देश पाळतात. त्यामुळे हा कायदा लागतो तो दुहेरी नागरिकत्ववाल्यांनाच. गुन्हा तोच, सोबत लढायला गेलेले दोघे, पण ज्याचे आईवडील बाहेरून आले तो बाहेर, दुसरा तुरुंगात. मला हा न्याय वाटत नाही.

आपल्याकडे काय? १९५५ चा नागरिकत्व कायदा. घटनेशी बेइमानी केली म्हणून नागरिकत्व काढता येतं, पण ते मुख्यतः नोंदणी करून किंवा देशीयकरणानं, म्हणजे परदेशातून येऊन ठरावीक काळ इथे राहून अर्ज केल्यावर, नागरिक झालेल्यांचं. जन्मानं नागरिक असलेल्याचं नाही. त्याच्यासाठी देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचं कलम आहे, फाशी किंवा जन्मठेप. आणि आणखी एक तरतूद आहे, फारशी कुणी बोलत नाही अशी. एरवी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं आपोआप जातं. पण भारत युद्धात असताना कुणी ते घेतलं, तर केंद्र सरकार वेगळं सांगेपर्यंत ते जात नाही. लढाई चालू असताना पलीकडचे कागद घेऊन कुणी म्हणेल, मी सुटलो, तर तो सुटत नाही.